कॅम्परमधली दुसरी बॅटरी: बसवणं, बांधणं आणि हवा बाहेर काढणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ट्रॅव्हलर, विंगर, ईको किंवा जुनी ओम्नी घेऊन तिच्यात पलंग, ओटा, पंखा, फ्रिज बसवणारे वाढले, तसे बॅटरीबद्दलचे प्रश्नही वाढले. त्यातले परत परत येणारे इथे एकत्र केले आहेत. विषय इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीचा नाही. दिवे, पंखा, फ्रिज चालवायला आत बसवतात त्या १२ व्होल्टच्या दुसऱ्या बॅटरीचा आहे. सगळ्या उत्तरांमागे आग्रह एकच: बॅटरीचा खोका गाडीच्या आत असला तरी हवेच्या हिशेबाने तो गाडीबाहेर असायला हवा.

१. घरात इन्व्हर्टरची बॅटरी वर्षानुवर्षं जिन्याखाली असते, तिला कोणी पाइप लावत नाही. मग गाडीतच एवढा बाऊ कशाला?

जागेमुळे. पाणी घालायची कुठलीही लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात आतल्या पाण्याचं विघटन करते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन सोडते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे हे जोरात सुरू होतं. घरात तो वायू जिन्याखालून हॉलमध्ये आणि तिथून खिडकीबाहेर निघून जातो. गाडीत पलंगाखालच्या प्लायवूडच्या कप्प्यात त्याला वाटच नसते. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि थेट ७५ टक्क्यांपर्यंत पेटण्याजोगा राहतो. ठिणगीही मोठी लागत नाही. रिलेची (आपोआप चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचची), सैल थिंबलची (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीची), स्वेटर काढताना उडते तेवढीसुद्धा पुरते. शिवाय त्याला ना रंग ना वास, त्यामुळे साठलेला कळत नाही. भडका उडाला की बॅटरीचं कवच फुटून ॲसिड उडतं ते वेगळंच.

२. नक्की किती हायड्रोजन निघतो? मोघम नको, आकड्यात सांगा.

बॅटरी भरल्यानंतर जो करंट जात राहतो त्यातल्या दर अँपिअर-तासाला एका सेलमधून सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सेल सहा, म्हणजे २.७ लिटर. आता चार्जर बिघडला आणि भरलेल्या बॅटरीत १० अँपिअर ढकलत राहिला असं धरा. तासाला २७ लिटर झाले. पलंगाखालच्या कप्प्यात बॅटरी ठेवून १५० लिटर जागा उरली असेल, तर तिचे ४ टक्के म्हणजे फक्त ६ लिटर. कप्पा पक्का बंद असेल तर तेवढं साठायला पाव तासही लागत नाही.

याहून सोपा हिशेब तुमच्या हातात रोज असतो, पण कोणी करत नाही. बॅटरीत घातलेलं डिस्टिल्ड वॉटर जातं कुठे? थोडं वाफ होऊन उडतं, पण बरंचसं याच विघटनात जातं. एक लिटर पाण्यापासून जवळजवळ साडेतेराशे लिटर हायड्रोजन तयार होतो. तुमच्या बॅटरीला वर्षात दीड-दोन लिटर पाणी लागत असेल, तर त्यातून किती वायू तुमच्या पलंगाखालून गेला ते यावरून काढा.

३. माझी बॅटरी सीलबंद, मेंटेनन्स-फ्री आहे. मग पाइपची गरज नाही ना?

आधी ती कुठल्या अर्थाने सीलबंद आहे ते बघा. कारच्या बहुतेक ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटऱ्यांमध्ये आत द्रव ॲसिडच असतं. पाणी कमी लागतं म्हणून वरची झाकणं काढून टाकलेली असतात, एवढंच. वायू निघतो आणि तो बाहेर पडायला कडेला बारीक भोक असतं. काही बॅटऱ्यांच्या त्या भोकात एल्बो आणि रबरी नळी बसते. तशी सोय असेल तर तुमचं काम निम्मं झालं. नळी थेट फ्लोअरमधून बाहेर काढा, ती कुठे दुमडली किंवा चेपली जाणार नाही एवढं पाहा.

दुसरा प्रकार म्हणजे एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं) किंवा जेल (ॲसिड घट्ट केलेलं), ज्यांना व्हीआरएलए, म्हणजे व्हॉल्व्ह लावलेल्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या, म्हणतात. यांच्यात निघालेला वायू आतच परत पाण्यात बदलतो, त्यामुळे रोजच्या वापरात बाहेर फारसं काही येत नाही. पण नावातला ‘व्ही’ व्हॉल्व्हचा आहे. जादा व्होल्टेज लागलं किंवा बॅटरी तापली की दाब वाढतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि तोच हायड्रोजन बाहेर येतो. म्हणून एजीएमलाही हवाबंद डब्यात ठेवायचं नाही. भोक लहान चालेल (प्रश्न ७), पण हवंच.

४. लिथियम घेतली की हे सगळं लचांड संपतं का?

रोजच्या वायूचं लचांड संपतं, हो. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, नीट चार्ज होत असताना हायड्रोजन सोडत नाही. पलंगाखाली, माणसांच्या हवेतच बॅटरी ठेवण्यावाचून पर्याय नसेल तर माझं मत सरळ आहे: एलएफपी घ्या, दुसरी कुठलीही नको.

पण ‘व्हेंट (वायू बाहेर जायची वाट) नको’ याचा अर्थ ‘काहीच नको’ असा नाही. बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट) निकामी झाला, सेलला मार बसला किंवा आत शॉर्ट झाला तर एलएफपीच्या सेलमधूनही ज्वालाग्राही आणि विषारी धूर निघतो. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात. म्हणून ती कोरड्या, गार, हात पोचेल अशा जागी ठेवायची, चादरी-गाद्यांच्या ढिगात नाही. ज्या कप्प्यात ती आहे त्याला बाहेरच्या बाजूने एक वाट असली तर उत्तमच.

आणखी एक. स्वस्तात मिळतात म्हणून भंगारातल्या स्कूटरचे किंवा लॅपटॉपचे सेल जोडून पॅक बनवणारे आहेत. ते सेल बहुतेकदा दुसऱ्या रसायनाचे असतात, एलएफपीपेक्षा कमी तापमानाला भडकतात आणि भडकले की आवरत नाहीत. झोपायच्या गाडीत ते नकोत. यावर चर्चा नको म्हणून इथेच लिहून ठेवतो.

५. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची पाणी घालायची बॅटरी, पडून आहे. तीच गाडीत टाकली तर?

चालते, पण मनाविरुद्ध चालते. उंच ट्युब्युलर बॅटरी घरात एका जागी उभी राहायला बनवलेली आहे. ॲसिडसकट तिचं वजन पन्नास-साठ किलोच्या आसपास. वर फ्लोटवाली झाकणं, त्यातून घाटात आणि खड्ड्यांत ॲसिड हिंदकळून वर येतं. शिवाय पाणी घालायला वरून हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवावी लागते. पलंगाखाली ती नसते, मग लोक पाणी घालणं टाळतात आणि प्लेटा उघड्या पडतात.

ज्यांना पैशाच्या कारणाने लेड-ॲसिडच परवडते त्यांनी निदान चालत्या गाडीसाठी बनवलेली, बुटकी बॅटरी घ्यावी. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या धक्के सहन करतात, पण वायू तितकाच सोडतात. आणि घरच्या बॅटरीबरोबर तिची चाकांची प्लास्टिकची ट्रॉली गाडीत आणू नका. असे फोटो दर महिन्याला येतात.

६. बॅटरी गाडीत नक्की कुठे ठेवावी?

पाणी घालायची असेल तर पहिली पसंती गाडीच्या बाहेर: फ्लोअरखाली चॅसिसच्या मध्ये टांगलेला लोखंडी पेटारा, खालून चिखलपाण्याला आडोसा आणि बाजूने उघडणारं दार. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत जागा निघते, ओम्नीत नाही. सायलेन्सरपासून, डिझेलच्या आणि ब्रेकच्या नळ्यांपासून लांब ठेवा, आणि खड्ड्यात घासणार नाही एवढी उंची राखा.

आत ठेवायची तर मागच्या दाराजवळ. मागून उघडणारा, राहायच्या जागेपासून पूर्ण तोडलेला कप्पा करा. वजन मागच्या ॲक्सलच्या पलीकडे फार जाऊ देऊ नका, आणि शक्यतो खाली ठेवा. एलएफपीला हे बंधन नाही. शंभर एएचची एलएफपी साधारण दहा ते तेरा किलोची असते, ती गाडीच्या मधोमध सीटखाली सहज बसते.

७. खोका कसा बनवायचा? भोकं किती मोठी, कुठे?

याच प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून सावकाश लिहितो.

खोका ॲसिड न खाणारा हवा: पॉलिप्रॉपिलिनचा ट्रे किंवा आतून एफआरपीचा (फायबरग्लासचा) थर दिलेलं प्लाय. खालचा ट्रे एवढा खोल की एक सेल फुटला तरी ॲसिड त्यातच राहील. झाकण वरून, रबरी गॅस्केट लावून. हे गॅस्केट राहायच्या जागेच्या बाजूने हवाबंद करायला आहे. वायू अडवायला नाही, त्याला एकाच वाटेने जायला लावण्यासाठी आहे. तारा बाहेर काढायच्या ठिकाणी ग्रोमेट (रबरी कडी) आणि सिलिकॉन. इथेच बहुतेक खोके गळतात.

हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका. तो वर जातो. म्हणून बाहेर जायची वाट झाकणाच्या अगदी लगत, सगळ्यात उंच कोपऱ्यात. तिथून पाइप सतत चढता किंवा निदान आडवा ठेवून गाडीच्या बाजूच्या पत्र्यातून बाहेर काढा. मध्ये कुठे खाली वळून वर आला तर त्या खोलगटात पाणी साचून वाट बंद होते. आत यायची वाट विरुद्ध बाजूला, तळाशी, फ्लोअरमधून. फक्त वरचं एक भोक पाडून लोक थांबतात. पण आत येणारी हवा नसेल तर बाहेर जाणारी कुठून येणार?

आकार किती? टेलिफोन एक्स्चेंज आणि यूपीएसच्या बॅटरीखोल्यांसाठी वापरतात ते आयईसी ६२४८५-२ या आंतरराष्ट्रीय मानकातलं सूत्र हाताशी आहे. पाणी घालायची १५० एएचची एक १२ व्होल्टची बॅटरी बूस्ट चार्जवर (जास्त व्होल्टेजच्या वेगवान चार्जिंगवर) असताना तासाला ०.९ घनमीटर हवा लागते, आणि ती आपोआप खेळायला आत येणारं व बाहेर जाणारं अशी प्रत्येकी २५ चौरस सेंटीमीटरची दोन भोकं. म्हणजे साधारण ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप. एजीएमला तोच हिशेब १० चौरस सेंटीमीटरवर येतो, ४० मिमीचा पाइप पुरतो. हे सूत्र जागेवर उभ्या बॅटऱ्यांचं आहे आणि भोक थेट बाहेर उघडतं असं धरतं, त्यामुळे पाइप लांब असेल किंवा दोन-तीन बेंड असतील तर पुढचा साइझ घ्या. दोन बॅटऱ्या असतील तर क्षेत्रफळ दुप्पट, मग त्या सिरीजमध्ये असोत की पॅरलल. हार्डवेअरच्या दुकानातली अर्ध्या इंची पारदर्शक नळी या कामाची नाही. ती प्रश्न ३ मधल्या एल्बोच्या भोकासाठी ठीक.

बाहेरच्या तोंडाला स्टीलची जाळी लावाच. जाळीने क्षेत्रफळ कमी होतं, म्हणूनही मोठा साइझ बरा. कोकणात आणि गोव्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की कुंभारमाशी अशा पाइपात मातीचं घर बांधते. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं, आणि आत बोट घातलं की वाळलेल्या चिखलाचा गुळगुळीत बूच लागतो. प्रत्येक प्रवासाआधी पाइपात फुंकर मारून बघा.

८. भोकांऐवजी एक्झॉस्ट फॅन लावला तर?

भोकांऐवजी नाही. भोकांबरोबर. फॅन कधीतरी बंद पडतो, आणि तो बंद पडलाय हे कोणाला कळत नाही. लावायचाच तर आत येणाऱ्या वाटेवर लावा आणि बाहेरची हवा खोक्यात ढकलू द्या, म्हणजे मोटार हायड्रोजनच्या प्रवाहात राहत नाही. जुन्या गाडीच्या ब्लोअरची मोटार ब्रशची असते आणि चालताना ठिणग्या पाडते, ती नकोच. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा ब्रशलेस पंखा चालतो. चार्जिंग सुरू झालं की तो आपोआप सुरू होईल अशी जोडणी करा.

९. बॅटरी बांधायची कशी? वजनानेच बसते की जागेवर.

सरळ रस्त्यावर बसते. कशावर तरी आदळलात तर त्या क्षणी तिचा भार वीसपट होऊ शकतो आणि पन्नास किलोची बॅटरी टनभर जोराने पुढे येते, आणि पुढे तुम्ही बसलेले असता. कसारा किंवा आंबेनळी उतरताना जोरात ब्रेक मारला तरी सैल बॅटरी सरकते आणि तारा ओढते.

खालून अँगलची चौकट गाडीच्या चॅनलला किंवा क्रॉस मेंबरला बोल्टने, पत्र्याच्या फ्लोअरला स्क्रूने नाही. वरून आडवी पट्टी, दोन्ही बाजूंनी लांब थ्रेडेड रॉड, वर नायलॉक (कंपनाने न सुटणारे) नट. पट्टी लोखंडी असेल तर तिच्यावर रबर चढवा, नाहीतर पट्टी सरकून टर्मिनलला लागली की वेल्डिंगच होतं. रॅचेट पट्टा दुसरा आधार म्हणून ठीक, एकटा नाही. ऊन आणि ॲसिड लागून त्याचा धागा कुजतो.

१०. फ्यूज कितीचा आणि कुठे?

कुठे, हे आधी. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. बोटींच्या वायरिंगमध्ये सात इंचांचा नियम वापरतात, तोच इथे बरा. फ्यूज बॅटरीला नव्हे, तारेला वाचवतो. म्हणून फ्यूजच्या आधीची जेवढी तार तेवढी विनारखवालीची. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये, म्हणजे इंजिनची आणि दुसरी, जी तार जाते तिला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण दोन्हीकडून करंट येऊ शकतो. हे दुसरं टोक बहुतेक वायरमन विसरतात.

कितीचा, ते तारेवर ठरतं. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टला जवळपास १०० अँपिअर ओढतो. त्याला छोट्या अंतरात ३५ चौरस मिमीची तांब्याची तार आणि १२५ ते १५० अँपिअरचा फ्यूज. एलएफपीसाठी फ्यूज क्लास-टी प्रकारचा घ्या. शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो अँपिअर सोडू शकते आणि साधा कारचा फ्यूज वितळूनही आत आर्क (ठिणगीचा लोळ) चालू राहतो. घरच्या बोर्डातली एमसीबी इथे लावू नका, ती एसीसाठी आहे. डीसीचा आर्क तिला तोडता येईलच असं नाही.

फ्यूज वाजवी कारणाशिवाय पाणी घालायच्या बॅटरीच्या खोक्यात ठेवू नका. उडताना तोही ठिणगी पाडतो. सात इंचांत खोक्याची भिंत येईल अशीच बॅटरी ठेवा.

११. इन्व्हर्टर आणि सोलरचा कंट्रोलर त्याच खोक्यात बसतात, तार वाचते. ठेवू?

लेड-ॲसिड असेल तर नाही. रिले, पंखा, स्विच, सगळी ठिणगीची ठिकाणं. शिवाय ॲसिडच्या वाफेने सर्किटबोर्ड हिरवे पडतात. एलएफपी असेल तर ठेवता येतात, पण इन्व्हर्टरची उष्णता बॅटरीवर जाणार नाही एवढं अंतर ठेवा.

१२. गॅस सिलिंडर आणि बॅटरी शेजारी-शेजारी ठेवल्या तर चालेल का? दोन्हींना व्हेंट लागतोच, एकच करू.

मुळीच नको, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. तो गळला की फ्लोअरवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचं भोक तळाशी असतं. हायड्रोजन उलटा, वर. एकाच कप्प्यात दोन्ही ठेवले तर एकाचा व्हेंट दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही, आणि गळणाऱ्या गॅसशेजारी ठिणगी पडू शकणारी बॅटरी येऊन बसते.

यातली आडवळणाची चूक अशी: बॅटरीच्या खोक्याची तळाची वाट, जी प्रश्न ७ मध्ये सांगितली, ती लोक सोपं म्हणून राहायच्या जागेतच उघडतात. मग ओट्याखाली गॅस गळला की तो जमिनीलगत सरकत नेमका बॅटरीच्या खोक्यात शिरतो. ती वाट गाडीबाहेरच उघडली पाहिजे, आणि सिलिंडरच्या भोकापासून लांब.

१३. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवरूनच दुसरी बॅटरी चार्ज होते ना? एक रिले टाकला की झालं?

जुन्या गाडीत आणि लेड-ॲसिड बॅटरीत रिलेने काम भागायचं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर खालीवर करतो. मग दुसरी बॅटरी कधी अर्धीच भरते, कधी तिला नको तेवढं व्होल्टेज मिळतं आणि वायू वाढतो. एलएफपीची अडचण उलटी: ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि आयडलिंगवर, गार करणारी हवा कमी असताना, अल्टरनेटर जाळते. दोन्हींवर उपाय एकच, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून मोजकाच करंट घेऊन बॅटरीला हवं ते व्होल्टेज देणारा). २० किंवा ३० अँपिअरचा पुरतो. बसच्या चॅसिसवर कॅराव्हॅन असेल तर गाडी २४ व्होल्टची असू शकते, चार्जर घेण्याआधी ते बघा.

१४. रिसॉर्टच्या आवारात गाडी लावून रात्रभर प्लग जोडला आणि आत झोपलो, तर धोका आहे का?

सगळ्यात जास्त वायू निघतो तो याच वेळी: बॅटरी भरत आलेली, काचा बंद, माणसं आत. खोका प्रश्न ७ प्रमाणे असेल तर झोपा. नसेल तर संध्याकाळी, जागे असताना, मागचं दार उघडं ठेवून चार्ज करा आणि झोपताना प्लग काढा. चार्जर बॅटरीच्या प्रकाराला जुळवलेला हवा. इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरणं) किंवा डिसल्फेशनचा (प्लेटांवरचा सल्फेटचा थर काढायचा) मोड व्होल्टेज १५ च्या पुढे नेतो. तो पाणी घालायच्या बॅटरीला अधूनमधून चालतो, पण आत कोणी नसताना. एजीएम, जेल आणि एलएफपीला तो लावायचाच नाही.

२३० व्होल्टच्या बाजूला गाडीत स्वतःची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. आवारातल्या प्लगला अर्थिंग असेलच असं धरून चालू नका.

१५. चार्जिंग चालू असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. काय करू?

हा हायड्रोजन नाही, त्याला वास नसतो. हा हायड्रोजन सल्फाइड, आणि तो येतो म्हणजे बॅटरी जादा चार्ज होऊन तापली आहे, बहुतेकदा एक सेल शॉर्ट होऊन. जिथे हा वास आहे तिथे हायड्रोजनही भरपूर आहे. शिवाय हा वायू विषारी आहे आणि नाक त्याला लवकर सरावतं. वास कमी झाल्यासारखा वाटला म्हणून थांबू नका.

आधी माणसं बाहेर. आतला एकही स्विच दाबू नका, चालू नाही आणि बंदही नाही. दारं उघडी टाका. चार्जिंग बाहेरून तोडा: आवारातल्या बोर्डावरून प्लग काढा, इंजिन चालू असेल तर तेवढं मात्र किल्लीने बंद करा, सोलर पॅनेलवर गोधडी टाका. अर्ध्या-पाऊण तासाने, बॅटरी गार झाल्यावरच खोका उघडा. फुगलेली बॅटरी परत चार्ज करून बघायची नाही, ती गेली. एलपीजीत मुद्दाम मिसळलेला वासही नवख्याला असाच वाटू शकतो. फरक ओळखत बसू नका, दोन्हींत कृती तीच, जोडीला सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

१६. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो, पण शेगडी, हीटर काहीच चालू नाही. अलार्म खराब आहे का?

खराब नसावा. या अलार्ममधले बरेचसे सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल असतात आणि ते हायड्रोजनलाही दाद देतात. चार्जिंगच्या शेवटी-शेवटी वाजत असेल तर बॅटरीचा वायू राहायच्या जागेत येतो आहे. खोक्याचं गॅस्केट आणि तारांची भोकं तपासा. पण वाजला की पहिली समजूत कार्बन मोनॉक्साइडचीच करा आणि बाहेर पडा. शेजारच्या गाडीचा जनरेटर चालू असू शकतो. हायड्रोजनचा शोध सकाळी.

१७. मे महिन्यात नागपूरला आणि जूनमध्ये लडाखला, दोन्हीकडे गाडी जाणार आहे. बॅटरीला काय होईल?

उष्णतेत लेड-ॲसिड कमी व्होल्टेजलाच वायू सोडायला लागते. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असेल तर ४५ अंशांना ते सुमारे १४.० वर आणावं लागतं. चार्जरचा तापमान सेन्सर बॅटरीलाच चिकटवलेला हवा, ओट्यावर लोंबकळणारा नाही. दर दहा अंशांमागे आयुष्य अंदाजे निम्मं होतं, हेही धरून चला. एलएफपी चार्ज करायची वरची मर्यादा बहुतेक कंपन्या ४५ अंश देतात. उन्हात उभ्या बंद गाडीत ती सहज ओलांडली जाते.

लडाखमध्ये गणित फिरतं. शून्य अंशांखाली एलएफपी चार्ज केली की आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि सेल कायमचा बिघडतो. वापरायला हरकत नाही, चार्जिंगला आहे. थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस घ्या, आणि बॅटरी फ्लोअरखाली न टांगता आत ठेवा. लेड-ॲसिड मात्र भरलेली असेल तर थंडीला घाबरत नाही. रिकामी असेल तर ॲसिड पातळ झालेलं असतं आणि गोठून कवच फोडू शकतं.

१८. पावसाळ्यात गाडी तीन महिने उभी असते.

लेड-ॲसिड पूर्ण भरून आयसोलेटर (बॅटरी पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद करा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा, दार उघडून. एलएफपी साधारण अर्धी भरलेली ठेवून तोडून टाका. टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा, खाऱ्या हवेत तर नक्कीच. व्हेंटचं तोंड कापड कोंबून बंद करू नका, जाळी पुरे.

१९. ॲसिड सांडलं तर?

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस यायचा थांबेपर्यंत. मग पाण्याने धुवा. एक-दोन किलो सोडा खोक्याजवळ ठेवायला काहीच लागत नाही. पण हा सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. बॅटरीत पाणी घालताना चष्मा वापरा, आणि पाणी चार्जिंगनंतर घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना वर येऊन सांडतं.

२०. एवढ्यासाठी आरटीओकडे जावं लागतं का?

केवळ बॅटरीसाठी सहसा नाही. पण मोटर वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांना बाधा येईल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि सीटा काढून पलंग, ओटा केला की तो बदल झालाच. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. आगीच्या दाव्यात सर्वेअर आधी वायरिंगच बघतो.

२१. आम्ही बनवत नाही, कॅराव्हॅन भाड्याने घेतोय. ताबा घेताना काय बघू?

बॅटरी दाखवा म्हणा. ‘ती आत आहे, दिसत नाही’ असं उत्तर आलं तर तो पलंग उचलायला लावा. लेबल वाचा: कुठला प्रकार, किती एएच. पाणी घालायची असेल तर पाइप बाहेर कुठे निघतो ते त्यांना बोटाने दाखवू द्या, मग बाहेर जाऊन स्वतः शोधा. बॅटरी दोन्ही हातांनी हलवून बघा, हलता कामा नये. पॉझिटिव्ह टर्मिनलवर टोपी आहे का, फ्यूज दिसतो का, मुख्य आयसोलेटर कुठे आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी म्हणजे वाफ खोक्यातच फिरते आहे. अग्निशामकाचं सिलिंडर दारापासून हाताच्या अंतरावर हवं, पलंगाच्या मागे नको. पलंगाखाली पाणी घालायची बॅटरी आणि पाइप कुठेच नाही असं निघालं, तर दुसरी गाडी मागा. तीच घ्यावी लागली तर प्रश्न १४ मधला संध्याकाळच्या चार्जिंगचा नियम पाळा आणि रात्री छताची खिडकी उघडी ठेवा.